मोंढ्यातली हिंदी, मुलाखतीतली इंग्रजी

जालन्याच्या नव्या मोंढ्यात सकाळी दहाच्या सुमारास थोडा वेळ उभं राहा. अंबडकडून आलेला शेतकरी हमालाशी मराठीत बोलतो, अडत्याशी निम्मं मराठी निम्मं हिंदी, आणि भाव पाडून मागणाऱ्या परपेठेच्या व्यापाऱ्याशी सरळ हिंदीत भांडतो. भांडून झालं की म्हणतो, ‘मेरा चाय थंडा हो गया.’ हिंदीत चाय बाई आहे, मराठीत चहा बुवा आहे. त्यानं मराठीचं लिंग हिंदीला लावलं. कुणी हसत नाही. व्यापारी दुसरा चहा मागवतो आणि सौदा पुढं सरकतो.

याच माणसाची मुलगी पदवीधर आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं आणि पुढं कॉलेजची तीन. पण मुलाखतीला बसली की पहिल्या वाक्यानंतर तिचा घसा कोरडा पडतो. बापाला एकही तास न शिकता हिंदी येते आणि लेकीला पंधरा वर्षं शिकून इंग्रजी बोलता येत नाही, यात बुद्धीचा काही संबंध नाही. दोघांची वाट वेगळी होती, एवढंच. बापानं गरज पडली तिथं, गरजेपुरतं, चुकत बोलायला सुरुवात केली. लेकीला आधी काळ, मग कर्मणी प्रयोग, मग रिकाम्या जागा भरा असं शिकवलं गेलं. बोलायची पाळी आलीच नाही.

इंग्रजी आपल्याकडं उशिरा का आली

इंग्रज या भागात आले ते लढायला. आर्थर वेलस्लीची शिंदे-भोसल्यांशी गाठ पडली ती आपल्याच जिल्ह्यातल्या असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी. पुढं जालन्याला छावणी बसली. त्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मराठी गृहस्थ जालन्यात मिशनचं काम करत होते. जवळच त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली. हेच शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत इंग्रजीतून बोलले. जालन्यात राहणाऱ्या मराठी माणसानं अमेरिकेत इंग्रजी भाषण करून आता दीडशे वर्षं होऊन गेली! पण ते शिकले होते मुंबईला, मिशनच्या शाळेत. इथल्या बाकीच्यांच्या नशिबी ते नव्हतं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमच उर्दू होतं. मुंबईला १८५७ पासून इंग्रजी विद्यापीठ, तर आपल्याकडच्या विद्यापीठाचं साल १९५८. म्हणून जुन्या जालनेकरांना फर्डी उर्दू यायची, इंग्रजी यायची नाही. पुण्यातल्या मुलाचे पणजोबा इंग्रजीत अर्ज लिहीत असतील, तर आपल्याकडं अजूनही बहुतेक घरांत इंग्रजी बोलू पाहणारी ही पहिलीच पिढी आहे. घरात ऐकायला कुणी नाही, दुरुस्त करायला कुणी नाही. हे डोक्यात असलं की ‘मलाच कसं येत नाही’ ही चिडचिड थोडी कमी होते.

आधी ठरवा, कशासाठी हवी

‘मला इंग्रजी यायला पाहिजे’ हे वाक्य ‘मला श्रीमंत व्हायचंय’ इतकंच मोघम आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा आहे, ३०० गुणांचा. त्यात २५ टक्के मिळवून उत्तीर्ण व्हायचं, ते गुण क्रमवारीत धरत नाहीत. बदनापूर तालुक्यातल्या शेलगावचे अन्सार शेख मराठी माध्यमातून शिकून २०१५ ची ही परीक्षा एकविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले. इथं फर्ड्या इंग्रजीवाचून अडत नाही. उलट जालन्यातच २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे. तिथं बसणाऱ्याला तास इंग्रजीतून ऐकावे लागतात, शंका इंग्रजीतून विचाराव्या लागतात. एमआयडीसीतल्या कंपनीत डिस्पॅच सांभाळणाऱ्याला परराज्यातल्या गिऱ्हाइकाचे फोन घ्यायचे असतात. परदेशी शिकायला जाणाऱ्याला आयल्ट्सची तोंडी परीक्षा द्यावी लागते, तीही जेमतेम अकरा ते चौदा मिनिटांची.

प्रत्येकाची इंग्रजी वेगळी आहे आणि प्रत्येकाची मापात बसणारी आहे. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ साली रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी शेतकऱ्यांना कोष घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जावं लागे. तिथली भाषा कन्नड. वजन, भाव, ओलावा, पैसे कधी, गाडी कधी, एवढ्या गोष्टी मोडक्या हिंदीत आणि बोटांवर उरकून मंडळी परत येत. कन्नडचा कोर्स करून कुणी गेलं नव्हतं. आपल्या कामाची शंभर वाक्यं आधी, बाकीची भाषा सवडीनं: माझ्या मते हाच क्रम आहे, आणि क्लासवाले नेमका उलटा क्रम विकतात.

नामं भरपूर, क्रियापदं गहाळ

‘माझ्याकडं शब्दच नाहीत’ असं म्हणणाऱ्याच्या शेतात जा. स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, फिल्टर, ड्रिप, लॅटरल, मल्चिंग. सळईच्या कारखान्यात जा: फर्नेस, बिलेट, स्क्रॅप, लोड, शिफ्ट, ब्रेकडाउन. निरक्षर माणसाच्या तोंडीसुद्धा शे-दोनशे इंग्रजी शब्द सहज निघतील.

मग अडतं कुठं? मराठी माणूस इंग्रजी शब्द घेतो आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ची शेपटी जोडतो. माल डिस्पॅच केला. गाडी रिजेक्ट झाली. तारीख अॅडजस्ट करून घ्या. खरं म्हणजे डिस्पॅच, रिजेक्ट, अॅडजस्ट ही इंग्रजीत क्रियापदंच आहेत. आपण त्यांची नामं करून टाकली. शेपटी काढा, कर्ता पुढं ठेवा, वाक्य तयार होतं. ‘माल काल डिस्पॅच केला’चं ‘वुई डिस्पॅच्ड इट येस्टरडे’. ‘त्यांनी गाडी रिजेक्ट केली’चं ‘दे रिजेक्टेड द ट्रक’. दिवसभरात तोंडून निघणारे असे ‘केला-झाला’वाले शब्द एका वहीत टिपले, तर पंधरा दिवसांत ऐंशी-नव्वद क्रियापदं सापडतात. तीही पाठ न करता, कारण ती आधीच आपली आहेत.

उरलेली गो, कम, गिव्ह, टेक, गेट, पुट, ब्रिंग, सेंड, कीप, फाइंड, टेल, आस्क अशी वीसेक लहान क्रियापदं भूतकाळासकट पक्की करायची. इथं इंग्रजी आपल्याला सूट देते, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. मराठीत गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेल्या. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच ‘वेंट’. मराठीसारखी अवघड भाषा बिनचूक बोलणाऱ्यानं ‘वेंट’ला घाबरावं, याची मला नेहमी गंमत वाटते.

मराठीतून जाताना ठेचा कुठं लागतात

पहिली ठेच क्रियापदाची जागा. ‘मी काल बदनापूरला मामाच्या गाडीनं आईला दवाखान्यात नेलं.’ मराठीत काय केलं ते शेवटी कळतं. इंग्रजीत दुसऱ्याच शब्दाला कळलं पाहिजे: ‘आय टुक माय मदर टु द हॉस्पिटल.’ डोक्यात मराठी वाक्य जुळवणारा माणूस बदनापूर, मामा, गाडी यांची इंग्रजी शोधत बसतो आणि क्रियापदापर्यंत पोचायच्या आत दमतो. त्याला उपाय आहे: कोण आणि काय केलं, हे दोन शब्द आधी टाकून मोकळं व्हायचं. कुठं, कधी, कुणाच्या गाडीनं हे मागून तुकड्या-तुकड्यानं जोडलं तरी चालतं.

दुसरी ठेच ‘मला’ची. मराठीत ताप आपल्याला येतो, भूक आपल्याला लागते, गोष्ट आपल्याला आवडते. आपण नुसते बसलेले. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो: आय हॅव फीव्हर, आय ॲम हंग्री, आय लाइक इट. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडं गाडी आहे’, ‘माझा एक प्रश्न आहे’ या तिन्ही ठिकाणी एकच ‘आय हॅव’. त्याला ‘इंग’ लावून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ करायचं नाही. ‘आहे’ दिसला की ‘ॲम’ घालायचा मोह होतो, तो आवरायचा.

तिसरी ठेच बारीक आहे, पण गैरसमज मोठा करते. ‘तुम्हाला मेल मिळाला नाही ना?’ असं विचारलं, तर मराठी माणूस ‘हो, नाही मिळाला’ म्हणतो. प्रश्नाला हो, गोष्टीला नाही. इंग्रजीत गोष्ट घडली नसेल तर उत्तर ‘नो’नंच सुरू होतं: ‘नो, आय डिडन्ट.’ नुसतं ‘येस’ म्हणून फोन ठेवला, तर पलीकडचा मेल मिळाला असं धरून चालतो.

आणि अदब. आपण ‘अहो, जरा द्या ना’ म्हणतो तेव्हा मान ‘अहो’त असतो, ‘जरा’त असतो, ‘द्या’त असतो, ‘ना’तही असतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळं ‘गिव्ह मी द फॉर्म’ हे ‘ए, फॉर्म दे’ इतकं उर्मट ऐकू येतं आणि बिचाऱ्या बोलणाऱ्याला पत्ताच नसतो. ‘कुड यू’ आणि ‘प्लीज’ हे आपले ‘अहो’ आणि ‘जरा’ समजायचे.

‘अ’ आणि ‘द’ कुठं घालायचं याचा घोळ मात्र बिनधास्त होऊ द्यावा. मराठीत ती चीजच नाही. चुकलं म्हणून अर्थ बिघडत नाही. ऐकण्या-वाचण्यानं ती हळूहळू जागेवर येतात.

उच्चार: काय सुधारायचं, काय राहू द्यायचं

साहेबासारखा आवाज काढायची गरज नाही. समोरच्याला पहिल्या खेपेला कळलं, म्हणजे उच्चार बरा.

आपली काही बाजू चांगलीच आहे. ‘जास्त’ आणि ‘जहाज’मधला ज आपल्याला येतो, त्यामुळं ‘झिरो’ आणि ‘झू’चं हिंदीभाषकासारखं ‘जीरो’, ‘जू’ होत नाही. गोची आहे ती ‘व’ची. मराठीत एकाच ‘व’वर भागतं, इंग्रजीत दोन आहेत. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वॉटर’ म्हणताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल होतात, दात लांबच. आरशासमोर पाच मिनिटं ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हणून पाहा. दुसरं, ‘बँक’ला ‘ब्यांक’, ‘फिल्म’ला ‘फिल्लम’, ‘शर्ट’ला ‘सर्ट’, ही बोलीची वळणं. गावात गोड लागतात, फोनवर पलीकडच्याला अडखळवतात.

या सगळ्याहून महत्त्वाचा आहे आघात, आणि शाळेत त्याकडं कुणी वळत नाही. मराठीत आपण साधारण सगळी अक्षरं सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो, बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’वर सरकतो, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर, आपण तो ‘हॉ’वर देतो. नवा शब्द शिकताना अर्थासोबत जोराचं अक्षर अधोरेखित करून ठेवलं, तर बोलणं कितीतरी स्वच्छ होतं.

क्लास लावू का?

लावा, पण आधी साधं गणित करा. तासाला तीस मुलं असली आणि सर एक शब्द बोलले नाहीत, तरी एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. महिन्याचे चोवीस तास धरले, तर अठ्ठेचाळीस मिनिटं. आणि सर तर बोलतातच, बऱ्याचदा तेच बोलतात. फी भरण्याआधी ‘मटेरियल काय देता’ हे न विचारता ‘मी स्वतः किती वेळ बोलणार’ हे विचारावं.

याउलट दोघी मैत्रिणी संध्याकाळी मोती तलावाकडं अर्धा तास फिरायला गेल्या आणि ठरवून इंग्रजीतच बोलल्या, तर एकीच्या वाट्याला पंधरा मिनिटं. चार दिवसांत क्लासचा महिना मागं पडतो, फी शून्य. दोघींचीही इंग्रजी कच्ची असली तरी हरकत नाही. पोहायला शिकताना शेजारी बुडणारा चालत नाही, भाषेत चालतो. फक्त हसणारा जोडीदार नको. ‘लई इंग्लिश फाडायलीस’ असा टोमणा गोरा साहेब मारत नाही, आपल्याच गल्लीतलं कुणीतरी मारतं. त्याच्यासमोर काही दिवस मराठीच बोलावी.

तोंडाला वळण कसं लावायचं

कीर्तनात मागं उभे असलेले टाळकरी आठवा. बुवांनी चरण उचलला की त्यांच्या पाठोपाठ, जवळजवळ त्यांच्याच श्वासात, टाळकरी तो उचलतात. चाल त्यांना कुणी लिहून दिलेली नसते. मागोमाग म्हणून म्हणून ती अंगात मुरते. इंग्रजीचं तसंच करता येतं. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या मोबाइलवर लावा; निवेदन संथ असतं, उच्चार भारतीय, नावंही ओळखीची. दोन मिनिटांचा तुकडा घ्या आणि निवेदकाच्या अर्धं पाऊल मागं राहून मोठ्यानं म्हणत जा. अर्थ सगळा कळलाच पाहिजे असं नाही. तोच तुकडा आठवडाभर. जीभ, श्वास आणि जोर यांची सवय अशी लागते. मनातल्या मनात वाचून ती लागत नाही.

दुसरा प्रकार न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी पुष्कळ मांडला आहे. एकच गोष्ट तीनदा सांगायची: पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन, आणि दर वेळी नव्या ऐकणाऱ्याला. गोष्ट तीच असल्यानं काय सांगायचं याचा भार उतरतो आणि डोकं कसं सांगायचं याकडं लागतं. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी झालेलं आपल्यालाच जाणवतं. तीन माणसं मिळाली नाहीत, तर मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. आपलाच आवाज ऐकताना पहिले चार दिवस कानाला बोटं लावावीशी वाटतात. पाचव्या दिवशी चुका दिसू लागतात, आणि बहुतेक त्याच त्या तीन-चार असतात.

विषय कुठला घ्यायचा? ‘प्रदूषण’ आणि ‘माय बेस्ट फ्रेंड’ सोडून कुठलाही. काल वीज किती वाजता आली, आजीच्या गुडघ्याला काय झालं, आठवडी बाजारात कोथिंबीर काय भावानं गेली.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’

अंबड तालुक्यातल्या एका मुलाचं उत्तर मी ऐकलं होतं. ‘मायसेल्फ’ने सुरुवात, मग जन्मतारीख, टक्के, ‘माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग टु म्युझिक’, ‘माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क’. घडाघडा, एका दमात. मी विचारलं, ‘व्हॉट डिड यू रीड लास्ट?’ तो गप्प झाला. वाचन त्याचं नव्हतंच, गाइडमधलं होतं.

मग मराठीत विचारलं, घरी काय करता? मोसंबी, दोन एकर. गेला उन्हाळा? विहीर आटली, टँकरनं पाणी घातलं, टँकरचा हिशेब मीच ठेवला. हेच आम्ही इंग्रजीत मांडलं. ‘वुई ग्रो मोसंबी ऑन टू एकर्स. लास्ट समर अवर वेल वेंट ड्राय. वुई बॉट वॉटर बाय टँकर, अँड आय केप्ट द अकाउंट्स.’ आठ-दहा शब्दांच्या वर एक वाक्य नाही, क्रियापदं सगळी लहान. एक माहिती त्याला नवीन होती: मोसंबीला तो ‘स्वीट लाइम’ म्हणणार होता, पण आपल्या मोसंबीला २०१६ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ या नावानं. ते त्यानं उत्तरात घातलं. आता समोरचा पुढचा प्रश्न विचारणार तो टँकरवर, हिशेबावर, नाहीतर मानांकनावर. तिन्ही त्याच्या घरचे विषय.

उत्तर पाठ करायचं नाही, टप्पे लक्षात ठेवायचे: कुठला, घरी काय, मी काय केलं, आता काय करायचंय. आणि ‘मायसेल्फ’ सोडून ‘आय ॲम’.

कळलंच नाही तर

खरी भीती बोलण्याची नसते, समोरचा काय म्हणाला ते न कळण्याची असते. तेव्हा आपण मान डोलावतो आणि ‘येस सर’ म्हणतो. तिथून पुढं सगळं घसरतं. मोंढ्यातला आपला शेतकरी तेव्हा काय करतो? ‘क्या बोले?’ असं बेधडक विचारतो.

त्याची इंग्रजी तीन वाक्यांत मावते. ऐकू आलं नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ शब्द कळला नाही तर तोच शब्द धरून ‘व्हॉट डू यू मीन बाय’ आणि पुढं तो शब्द. अर्धवट कळलं तर ‘डू यू मीन’ म्हणून आपल्याला कळलं तेवढं परत सांगायचं. विचार करायला वेळ हवा असला तर ‘लेट मी थिंक’ म्हणून तीन-चार सेकंद खुशाल गप्प बसावं. त्या गप्प बसण्याचे गुण कुणी कापत नाही. ही वाक्यं मात्र झोपेतसुद्धा तोंडात आली पाहिजेत. मुंबईची गाडी जालन्याहून सुटली की मनमाड येईपर्यंत ती पुटपुटत बसायला भरपूर वेळ मिळतो.